अर्धी भरलेली निळी ट्यूब

उत्तरायणाच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आत्याचा फोन आला. मी खंडेराव मार्केटमध्ये उंधियूसाठी पापडी निवडत उभी होते.

"अगं, रिपोर्ट आला. चार पॉइंट नऊ. दवाखान्यातून निरोप आलाय, गोळी तीन दिवस बंद ठेवा म्हणून. ठेवू ना बंद?"

आत्याच्या हृदयात धातूची झडप आहे. लहानपणी संधिवाताचा ताप आला होता, त्यानं डाव्या बाजूची झडप आखडत गेली. एक्केचाळिसाव्या वर्षी ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता ॲसिट्रॉमची गोळी, झडपेवर रक्त गोठू नये म्हणून. गेली एकोणीस वर्षं तिच्याकडे एक वही आहे. तारीख, आय.एन.आर. (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा, जितका मोठा तितकं उशिरा), गोळीचा डोस, एवढंच त्यात असतं. डॉक्टरांनी तिला २.५ ते ३.५ च्या मध्ये राहायला सांगितलंय आणि ती परीक्षेचे मार्क सांभाळावेत तशी तो आकडा सांभाळते. मागच्या चार महिन्यांत २.७, २.९, २.८, २.६. आणि एकदम ४.९?

मी बडोद्यात रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलावर सव्वीस वर्षं काम करते. असा उडी मारलेला आकडा दिसला की मी आधी गोळीबद्दल विचारत नाही.

"आत्या, रक्त कसं काढलं?"

"पोरगा नवीन होता गं. शीर सापडेना. दोनदा टोचलं. शेवटी थोडंसं निघालं. म्हणाला, आजी, चालेल एवढं."

पापडी तिथेच ठेवली आणि स्कूटर काढली.

त्या निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये आधीपासूनच ०.३ मिलिलिटर सायट्रेटचं पाणी असतं. त्यात २.७ मिलिलिटर रक्त पडायला हवं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि सायट्रेट ते धरून ठेवतं, म्हणून रक्त लॅबपर्यंत पातळ राहून पोचतं. मग आम्ही मोजून कॅल्शियम परत घालतो आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते पाहतो. ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं. आम्ही घातलेल्या कॅल्शियमचा काही भाग ते जास्तीचं सायट्रेटच गिळून टाकतं. रक्त उशिरा गोठतं आणि मशीन ते इमानदारीनं मोजून मोठा आकडा छापतं. मशीनला ट्यूब अर्धी आहे की पूर्ण, ते कळत नाही. ते बघायचं काम माणसाचं. ट्यूबवर भरण्याची खूण असते. खुणेच्या खाली असेल ती ट्यूब परत पाठवायची, हा आमच्याकडचा पहिला नियम.

ज्या कलेक्शन सेंटरवर हे झालं त्यांचं नाव इथे लिहीत नाही. तो मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा असेल. त्याला कुणी शिकवलंच नसेल तर तो काय करणार?

आत्याच्या घरी पोचले तेव्हा ती देवापुढे दिवा लावून गोळीची पट्टी हातात धरून बसली होती. मी तिचा उजवा हात गरम पाण्याच्या पिशवीवर पाच मिनिटं ठेवला. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा थंडीत आखडतात आणि जानेवारीतली संध्याकाळ होती. पट्टी बांधली, शीर बोटाला लागली. बारीक शिरेसाठी फुलपाखरी सुई वापरायची तर तिच्या नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये जाते आणि तेवढं रक्त कमी पडतं. म्हणून आधी एक रिकामी ट्यूब लावून नळी भरून घ्यायची, मग खरी ट्यूब. ती खुणेपर्यंत भरली. तीन-चार वेळा हळूच उलटीपालटी केली. हलवायची नाही, फक्त उलटायची. आत्या म्हणाली, "तू किती हळू करतेस." ही घाईची कामं नाहीत.

रात्री नऊला आकडा आला. २.८.

डॉक्टरांना फोन केला, दोन्ही आकडे सांगितले, ट्यूबचं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "नेहमीचीच गोळी द्या. आत्ता." साडेदहाला आत्यानं गोळी घेतली. ॲसिट्रॉमचा असर फार दिवस टिकत नाही. ती तीन दिवस बंद राहिली असती तर आत्याचं रक्त जवळजवळ माझ्या-तुमच्यासारखं गोठायला लागलं असतं. धातूच्या झडपेवर गुठळी धरायला तेवढं पुरतं. ती गुठळी झडप अडवते, नाहीतर सुटून मेंदूत जाते. रक्तस्रावाची भीती सगळ्यांना असते, कारण रक्त डोळ्यांना दिसतं. गुठळी दिसत नाही.

"रक्त पातळ करायची गोळी" असं आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणते. पण त्या गोळीनं रक्त पातळ होत नाही. ते हाताला तितकंच घट्ट लागतं. फक्त साकळायला वेळ लावतं. यकृत रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं आणि त्यातल्या चार घटकांना के-व्हिटॅमिन लागतं. ॲसिट्रॉम किंवा त्याच जातीचं वॉर्फरिन ते के-व्हिटॅमिन पुन्हा वापरात येऊ देत नाही.

मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे मशीन नव्हतं. ३७ अंशांवर ठेवलेली पाण्याची टाकी, काचेच्या बारीक नळ्या, हातात स्टॉपवॉच. प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेला पातळ भाग, गरम करून घ्यायचा, त्यात गोठणं सुरू करणारं थ्रॉम्बोप्लास्टिन घालायचं आणि त्याच क्षणी बटण दाबायचं. मग नळी दिव्यासमोर धरून तिरकी करायची, सरळ करायची, परत तिरकी. पाणी हललं, हललं, हललं, आणि एका सेकंदाला हलत नाही. धुक्यासारखा एक धागा दिसतो आणि मग सगळं थिजतं. तो क्षण पकडायचा. प्रत्येक नमुना दोनदा. दोन वेळांत फार फरक आला तर तिसऱ्यांदा. निरोगी माणसाचं बारा-तेरा सेकंदांत व्हायचं. ॲसिट्रॉमवाल्यांचं पंचवीस, तीस, कधी कधी चाळीस. आता मशीन शांतपणे शेकडो नमुने करतं, पण त्या धाग्याची सवय डोळ्यांतून जात नाही. मी अजूनही संशयास्पद ट्यूबची काडीनं तपासणी करते, आत बारीक गुठळी आहे का ते बघायला.

ही चाचणी आर्मंड क्विक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३५ मध्ये बसवली. अडचण अशी होती की थ्रॉम्बोप्लास्टिन प्रत्येक कंपनीचं वेगळं, प्रत्येक लॉटचं वेगळं. त्यामुळे एकाच माणसाचं रक्त एका लॅबमध्ये एक सांगायचं आणि दुसऱ्या लॅबमध्ये दुसरंच. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यावर तोड काढली, तीच आय.एन.आर. प्रत्येक लॉटच्या खोक्यावर त्याचा आय.एस.आय., म्हणजे तो लॉट किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा, छापलेला असतो. रुग्णाच्या सेकंदांना निरोगी माणसांच्या सरासरी सेकंदांनी भागायचं आणि आलेल्या संख्येला तो घात द्यायचा. रुग्णाची सव्वीस सेकंदं, सरासरी तेरा, म्हणजे भागाकार दोन. खोक्यावर आय.एस.आय. १.० असेल तर आय.एन.आर. २.०. पण १.४ असेल तर २.६. सेकंदं तीच, आकडा वेगळा. म्हणून नवा लॉट फोडला की मशीनमध्ये तो आकडा बदलायचा, आणि निरोगी माणसांची सरासरीही नव्यानं काढायची. एकदा, खूप वर्षांपूर्वी, ज्या लॅबमध्ये मी होते तिथे हे बदलायचं राहून गेलं होतं. सकाळच्या अकरा नमुन्यांनंतर मला ते दिसलं, कारण कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं तो नमुना, वर सरकलेला होता. अकराही जणांना फोन करून परत बोलावलं. माझ्या वरिष्ठ मॅडमनी तो संपूर्ण दिवस मला दुसरं काम दिलं नाही. कुणीही कुणावर ओरडलं नाही. त्या दिवशी मी हे काम शिकले असं मला वाटतं.

वॉर्फरिनची गोष्ट मला आवडते, कारण ती गुराढोरांची आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या उत्तरेला आणि कॅनडात गाई साध्या जखमांनी रक्त वाहून मरायला लागल्या. त्यांनी कुजलेलं स्वीट क्लोव्हरचं वैरण खाल्लेलं असायचं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी घेऊन मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, थोडं ते वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न साकळलेलं रक्त. त्यानं ते रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आणून ठेवलं. त्या वैरणातून रक्त गोठू न देणारं डायकुमारॉल सापडलं आणि त्याच्या नात्यातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं. १९५४ मध्ये तेच माणसांसाठी औषध म्हणून मंजूर झालं. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी उंदराचं औषध खाते?" मी म्हटलं, नाही आत्या, तुझं त्याचं भावंड. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

आता उत्तरायण. बडोद्यात ज्याच्या घरी पतंग नाही त्याच्याही घरी उंधियू असतो. त्यात मेथीचे मुठिये, हिरवा लसूण, कोथिंबीर, पापडी. हिरव्या पाल्यात के-व्हिटॅमिन भरपूर असतं. वर्षभर बटाट्याच्या भाजीवर राहणारा माणूस तीन दिवस उंधियू खातो आणि त्याचा आय.एन.आर. खाली येतो. हिरव्या भाज्या सोडा असं मी कुणालाही म्हणत नाही, त्या खायलाच हव्यात. पण रोज साधारण तेवढ्याच खाव्यात. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्याकडे आकडे खाली सरकलेले दिसतात आणि मांजानं कापलेली बोटं घेऊन ॲसिट्रॉमवाले त्याच आठवड्यात येतात. एकीकडे गोठतं जास्त, एकीकडे थांबत नाही. दोन्ही एकाच सणाचं.

तर चौदा तारीख. आम्ही सगळे अगाशीवर. (गच्ची म्हटलं तर बडोद्यात कुणाला कळत नाही असं नाही, पण अगाशी म्हटल्याशिवाय उत्तरायण वाटत नाही.) शेजारच्या बिल्डिंगमधले काका, चौऱ्याहत्तर वर्षांचे, नातवाची फिरकी धरायला वर आले होते. संध्याकाळी साडेपाचला उतरताना जिन्यावरून घसरले. डोकं भिंतीवर आपटलं. उठून बसले, हसले, म्हणाले काही नाही. तासाभरानं बोलताना शब्द अडखळायला लागले.

रात्री आठला मला आमच्या लॅबमधल्या नाइट ड्युटीवरच्या मुलीचा फोन, काकांबद्दलच. "ताई, सीटीत डोक्यात रक्त दिसतंय. वरून विचारताहेत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. काकू म्हणतात चालू आहे. पण आय.एन.आर. १.२ आलाय. मग असर नाहीये असं लिहू का?"

"नको. थांब. गोळी कुठली?"

काकूंना नाव आठवत नव्हतं. मी फोनवर विचारलं, "काकू, ती गोळी तुम्ही डब्यात काढून ठेवता की पाकिटातच?"

"पाकिटातच. दमट हवा लागू द्यायची नाही म्हणून सांगितलंय. कॅप्सूल आहे, दिवसातून दोनदा. सकाळी साडेआठला घेतली."

डॅबिगॅट्रान.

इथे मला थांबून सांगायचंय, कारण हे मी गेली दहा वर्षं सांगत आले आहे. आय.एन.आर. ही के-व्हिटॅमिनच्या गोळ्यांसाठी बनवलेली मोजपट्टी आहे. नव्या गोळ्या वेगळ्या ठिकाणी काम करतात. रिव्हरॉक्सॅबॅन आणि ॲपिक्सॅबॅन दहाव्या घटकावर, डॅबिगॅट्रान थेट थ्रॉम्बिनवर, म्हणजे शेवटी गुठळी बांधणाऱ्या घटकावर. त्या पोटात असताना आय.एन.आर. अगदी साधा दिसू शकतो. "आकडा नॉर्मल, म्हणजे असर नाही" हे वाक्य त्यांच्या बाबतीत धोकादायक आहे. आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

डॅबिगॅट्रानला विचारायचा प्रश्न आहे थ्रॉम्बिन टाइम. प्लाझ्मात थोडं थ्रॉम्बिन घालायचं आणि बघायचं. निरोगी प्लाझ्मा सतरा-अठरा सेकंदांत थिजतो. डॅबिगॅट्रान किंचितही असेल तर तो ताणत जातो. थ्रॉम्बिन टाइम नॉर्मल आला तर डॅबिगॅट्रान जवळपास नाहीच असं समजता येतं. उलट हेपॅरिननंही (सलाइनच्या लाइनीत असू शकणारं रक्त न गोठण्याचं औषध) तो लांबतो, म्हणून मी पोरीला आधी विचारलं, "रक्त सलाइनच्या लाइनीतून घेतलंस की हातातून?" हातातून, वेगळ्या बाजूच्या. शाबास.

"थ्रॉम्बिन टाइम लाव. मी येते."

मी पोचले तेव्हा ती मशीनसमोर उभी होती. स्क्रीनवर १२० च्या पुढे, गोठलं नाही. मी जुन्या सवयीनं एक नळी हातात घेऊन दिव्यासमोर धरली. तिरकी केली. पाणी हलत राहिलं. हलतच राहिलं. पलीकडून शेजारच्या अगाशीवरचा "काप्यो छे" चा आवाज येत होता.

वर डॉक्टरांना सांगितलं. उतारा होता, इडारुसिझुमॅब, २.५ ग्रॅमच्या दोन बाटल्या, एकापाठोपाठ. हा अँटिबॉडीचा तुकडा डॅबिगॅट्रानला थ्रॉम्बिनपेक्षा कितीतरी घट्ट पकडतो आणि सोडत नाही. अमेरिकेत तो २०१५ मध्ये मंजूर झाला. त्याआधी अशा रुग्णाला किडनीनं औषध बाहेर टाकेपर्यंत थांबावं लागायचं, किंवा डायलिसिस करावं लागायचं. ॲसिट्रॉमवाल्याचं वेगळं. त्याला के-व्हिटॅमिन द्यायचं, पण यकृताला नवे घटक बनवायला तास लागतात. त्यामुळे डोक्यात रक्त असेल तर तयार घटकांचं इंजेक्शन लागतं, किंवा गोठवलेला प्लाझ्मा, जो वितळवायलाच अर्धा तास जातो. हेपॅरिनला प्रोटॅमिन. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी, आणि कुलूप कुठलं ते आधी कळायला हवं. काकांना कुणी प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या असत्या तर त्यानं डॅबिगॅट्रान हललं नसतं.

बाटल्या संपल्यावर अर्ध्या तासानं परत रक्त. थ्रॉम्बिन टाइम १६.८ सेकंद. मी पुन्हा नळी धरली. तो धागा आला. बारीक, धुक्यासारखा, आणि सगळं थिजलं. मी आणि ती मुलगी दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बारा तासांनी आणि चोवीस तासांनी परत तपासायला सांगून घरी आले, कारण रक्ताबाहेर, शरीरात इतरत्र लपलेलं डॅबिगॅट्रान कधी कधी पुन्हा रक्तात उतरतं. काकांच्या बाबतीत ते उतरलं नाही. त्यांचं ऑपरेशन झालं. आता ते बोलतात, थोडं हळू.

या चाचण्यांत एक अशी आहे की जिचं नाव ऐकून मला माझं आजोळ आठवतं. डॅबिगॅट्रानचं नेमकं प्रमाण मोजायला एकारिन नावाचं द्रव्य वापरतात. ते एकिस कॅरिनेटस या सापाच्या विषातून काढतात. म्हणजे आपलं फुरसं! रत्नागिरीच्या आजोळी संध्याकाळनंतर आजी आम्हाला अंगणातही अनवाणी जाऊ द्यायची नाही ती त्याच्याच भीतीनं. घोणशीचं विषही आम्ही दुसऱ्या एका चाचणीत वापरतो. हेच दोन साप चावलेले लोक छोटा उदेपूरकडून येतात आणि त्यांच्यासाठी मशीन लागत नाही. कोरड्या, नव्या, काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं टेबलावर ठेवायचं, हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. वाहिलं तर विषानं रक्ताचं गोठणं संपवलंय. नळी साबणानं धुतलेली असेल तर चाचणी फसते. पुन्हा तेच. नळी कशी होती?

म्हणून मी फॉर्मवर तीन ओळी लिहून घेते, कितीही गर्दी असो. औषधाचं नाव काय. शेवटची गोळी किती वाजता. रक्त कुठून काढलं. लोक कंटाळतात. "मॅडम, फॉर्मवर एवढं कोण लिहितं?" मी पेन पुढे करते.

आत्याचे नातवंडांनी उत्तरायणाला भरपूर लाडकोड केले. वीस तारखेला ती आमच्याच लॅबमध्ये आली, स्वतः खुणेकडे बघून म्हणाली, "भरली ना गं पूर्ण?" भरली होती. आकडा २.१. या वेळी आकडा खरा होता. २.५ च्या खाली, झडपेसाठी कमी. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आठवड्यातल्या दोन दिवसांचा डोस थोडा वाढवला आणि सात दिवसांनी परत बोलावलं. आत्यानं बाकावर बसून पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि लिहिलं:

२० जानेवारी. २.१. ट्यूब पूर्ण. उंधियू तीन दिवस.